हे यंत्र कोणाच्या मापाचे? अभियांत्रिकीच्या वर्गात लिंगभावाचा विषय कसा शिकवावा

मोजपट्टी

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला मशीन डिझाइन शिकवते. मिनी प्रोजेक्टचे विषय ठरण्याआधी रचनेत नकळत शिरणाऱ्या लिंगभेदावर दोन तासांचे एक सत्र घ्यावे, असे या वर्षी आमच्या विभागात ठरले आहे. ते मी मागून घेतले, कारण गेल्या वर्षीचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

चार मुलांच्या गटाने भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे हातयंत्र केले होते. काम मनापासून केलेले होते. वेल्डिंग स्वच्छ होते, जाळीची भोके आमच्या भागातल्या शेंगेला जुळणारी होती आणि दाणाही फारसा फुटत नव्हता. आम्ही ते जवळच्या गावात नेले. उभ्याने दांडा मागेपुढे ढकलायचा, अशी त्याची रचना. पहिल्या बाईंनी दांडा धरला तेव्हा तो पुढे जाताना त्यांच्या टाचा उचलल्या जात होत्या आणि मागे येताना मूठ थेट हनुवटीशी येत होती. दहा मिनिटे त्यांनी नेटाने यंत्र चालवले. मग दंड चोळत त्या बाजूला झाल्या, खाली बसल्या आणि हातानेच शेंगा फोडू लागल्या. गटातला एक मुलगा मला हळूच म्हणाला, "मॅडम, पण आम्हाला तर नीट चालत होते."

त्या मुलांच्या मनात बायकांविषयी काही वाकडे नव्हते. शेंगा फोडण्याचे काम घरोघरी बायका करतात हे चौघांनाही ठाऊक होते, कारण चौघांच्या आया ते करत आल्या आहेत. तरीही दांड्याची उंची ठरवताना त्यांनी माप घेतले ते वसतिगृहातल्या स्वतःच्या कोपराचे. शिकवायचे आहे ते नेमके हेच. माझ्या वर्गात साठ विद्यार्थी आहेत आणि त्यांत अकरा मुली आहेत. मुलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केल्यासारखे वाटू नये आणि मुलींवर साऱ्या वर्गाच्या नजरा खिळू नयेत, अशा रीतीने हा विषय कसा घ्यावा? कोणती उदाहरणे द्यावीत आणि विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष काय करून घ्यावे?

सह्यकडा

मी वाहन उद्योगात आहे. आमच्या क्षेत्रातले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अपघात-चाचणीतला पुतळा. जगभर सर्वाधिक वापरला गेलेला 'हायब्रिड 3' हा पुतळा जनरल मोटर्सने 1976 मध्ये तयार केला. तो सुमारे 175 सेंमी उंचीच्या आणि 78 किलो वजनाच्या पुरुषाचा आहे. पुढे स्त्रीचा म्हणून जो पुतळा आला, तो बहुतांशी याच पुरुषाचे आकारमान कमी करून केलेला असून त्याची उंची सुमारे 150 सेंमी आणि वजन 49 किलो आहे. अमेरिकेतल्या शंभर स्त्रियांमध्ये ज्या पाच सर्वांत लहानखुऱ्या असतील, त्यांच्या मापाचा तो आहे.

आता विद्यार्थ्यांना भारतीय स्त्रीची सरासरी उंची विचारा. ती 152 सेंमीच्या आसपास आहे. म्हणजे तिकडच्या तक्त्यात जी अगदी काठावरची, अपवादाची बाई आहे, ती आपल्याकडे भाजी आणायला स्कूटरवरून जाणारी कोणीही बाई आहे. मी हे नवीन अभियंत्यांना सांगतो तेव्हा खोलीत काही क्षण कोणी बोलत नाही. स्त्रीच्या सरासरी शरीराचा, तिच्या मानेची आणि ओटीपोटाची ठेवण लक्षात घेऊन केलेला पुतळा स्वीडनमधल्या संशोधक अ‍ॅस्ट्रिड लिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडला तो 2022 मध्ये. तो 162 सेंमी उंच आणि 62 किलो वजनाचा आहे.

आणखी एक आकडा सांगण्यासारखा आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासानुसार, पट्टा लावलेल्या स्त्री चालकांना तशाच अपघातात गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुष चालकांपेक्षा 47 टक्क्यांनी अधिक होती.

बारकावा

सह्यकडा, पुतळ्याविषयीचे सर्व मान्य आहे. मात्र 47 टक्क्यांचा आकडा वर्गात एकटा सांगू नये, असे मला कळकळीने वाटते. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने 2021 मध्ये याच प्रश्नाचा पुन्हा अभ्यास केला. स्त्रिया लहान आणि हलक्या गाड्या अधिक चालवतात, त्यांच्या अपघातांचे प्रकारही वेगळे असतात, हे जमेस धरल्यावर गंभीर इजांमधला बराचसा फरक नाहीसा झाला. पायांच्या दुखापतींतला फरक मात्र शिल्लक राहिला.

याचा अर्थ प्रश्न खोटा होता असा मुळीच नाही. फरकातला किती भाग गाडीच्या निवडीचा, किती शरीराच्या ठेवणीचा आणि किती चाचणीतल्या उणिवेचा, हे वेगळे काढणे हेच तर अभियंत्याचे काम आहे. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून विद्यार्थ्यांनाच विचारा की पायांचा फरक का उरला असेल. बुटकी व्यक्ती सीट पुढे घेऊन बसते आणि तिचे पाय पेडलच्या व डॅशबोर्डच्या अधिक जवळ जातात, इथपर्यंत ती मुले आपणहून येतील. एका आकड्याने धक्का बसतो, पण पुढे कोणी तो आकडा खोडून काढला तर त्याबरोबर सारा विषयच निकालात निघतो.

जुना फोरमन

मॅडम, मी एका तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे. तुम्हाला परदेशी पुतळ्यापर्यंत जाण्याची गरज नाही. तुमच्याच फिटिंग शॉपमध्ये जा.

व्हाइसच्या, म्हणजे काम घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्याच्या, जबड्याची वरची कड कारागिराच्या कोपराच्या उंचीला असावी, हा फिटिंगचा पहिल्या दिवशी शिकवायचा नियम आहे. मी सरळ उभे राहायला लावून आणि हनुवटीखाली मूठ धरून कोपर व्हाइसला टेकतो का ते पाहायला शिकवत असे. नियम जुना आहे आणि चांगलाही आहे. पण बाके एकदाच बसवली जातात, सगळी एकाच उंचीची बसवली जातात आणि पुढची तीस वर्षे त्या नियमाची कोणाला आठवण राहत नाही. व्हाइस उंच असला की कानस सपाट चालत नाही, खांदा वर उचलला जातो आणि जॉबच्या, म्हणजे घासायला घेतलेल्या तुकड्याच्या, कडा गोल होतात. मग आम्ही म्हणतो की या मुलीला फायलिंग जमत नाही.

हे मीही म्हटले आहे. एका मुलीच्या चौकोनी जॉबला सलग तीन वेळा काटकोन येईना. मी तिला रागावलो. दुपारी ती एकटीच कडेला पडलेल्या लाकडी खोक्याच्या दोन फळ्या पायाखाली घेऊन उभी राहिलेली मला दिसली. त्या दिवशी तिच्या जॉबला काटकोन तपासणारा गुण्या लावला, तर फट दिसली नाही. त्यानंतर मी शॉपमध्ये सागाची फळकुटे करून घेतली. त्यांचा उपयोग पुढे मुलींपेक्षा बुटक्या मुलांनाच जास्त झाला.

तिसरी पाळी

मी थोडा विरोधी सूर लावणार आहे, तरी राग मानू नये. फोरमन साहेबांच्या शेवटच्या वाक्यातच माझा मुद्दा आला आहे. हा प्रश्न उंचीचा आहे, लिंगाचा नव्हे. पाचव्या पर्सेंटाइलपासून पंच्याण्णवाव्या पर्सेंटाइलपर्यंतच्या, म्हणजे शंभरातले सर्वांत लहान पाच आणि सर्वांत मोठे पाच सोडून उरलेल्या माणसांना यंत्र वापरता आले पाहिजे, जिथे हात पोचायला हवा तिथे लहानात लहान व्यक्ती धरावी आणि जिथे अंग मावायला हवे तिथे मोठ्यात मोठी, हे अर्गोनॉमिक्सच्या, म्हणजे माणसाच्या शरीराला जुळणारी रचना शिकवणाऱ्या, प्रत्येक पुस्तकात आहे. चांगले डिझाइन शिकवा म्हणजे हे आपोआप येते. त्याला लिंगभेदाचे नाव दिले की निम्मा वर्ग कान बंद करून घेतो आणि ज्यांच्यासाठी आपण बोलतो त्या मुलींनाही अवघडल्यासारखे होते. शिवाय अभ्यासक्रम आधीच सहामाहीत मावत नाही. दोन तास गेले की गिअरचा एक प्रश्न शिकवायचा राहून जातो, हे वास्तव आहे.

मोजपट्टी

तिसरी पाळी, राग कसला? विभागाच्या बैठकीतही हेच मुद्दे आले होते.

पर्सेंटाइलचा नियम माझे विद्यार्थीही जाणतात आणि परीक्षेत नेमका लिहितात. त्या चौघांनीही तो लिहिला होता. पण पर्सेंटाइल कोणाच्या तक्त्यातले, हे त्यांनी विचारले नाही. अमेरिकी हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्स यांनी 1950 च्या सुमारास 4,063 वैमानिकांची मापे तपासली. कॉकपिटसाठी महत्त्वाच्या दहाही मापांमध्ये सरासरीच्या आसपास बसणारा एकही वैमानिक त्यांना मिळाला नाही. सरासरी माणूस अस्तित्वात नसतो, हे शिकवण्यासाठी हे उदाहरण आपण सगळे देतो आणि मीही वर्षानुवर्षे देत आले. ते 4,063 जण सगळे पुरुष होते, हे मात्र मी वर्गात एकदाही बोलले नाही. माझ्या कधी ते लक्षातच आले नाही. म्हणून वाटते की नियम शिकवून हे आपोआप येत नाही, कारण तो शिकवणाऱ्या माझ्यातही ते आले नव्हते.

माणदेशी

उंचीचा मुद्दा तिसरी पाळी यांनी मांडला आहे, म्हणून उंचीशी काडीचाही संबंध नसलेले एक उदाहरण देते.

1980 च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभर राबवला गेला. आमच्या गावातही चुली बसवल्या गेल्या. हेतू अतिशय चांगला होता, धूर धुराड्यातून बाहेर जावा आणि सरपण कमी लागावे. माझ्या आजीच्या घरच्या त्या चुलीवर दोन वर्षांत शेणाच्या गोवऱ्या रचलेल्या मला आठवतात. कारण साधे होते. आमच्याकडे ज्वारीची भाकरी तव्यावर एका बाजूने भाजली, पाणी फिरवून उलटली, की शेवटी ती चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी करतात. तिथे ती टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. नव्या चुलीचे तोंड सरपण वाचावे म्हणून लहान केलेले होते, त्यामुळे निखारे पुढे ओढायला जागाच नव्हती. भाकरी कच्ची राहायची. शिवाय सरपणही बोटभर जाडीचे तोडून लागायचे, आणि ते तोडायचे काम पुन्हा आजीचेच. जाळ किती वाचला हे मोजले गेले, पण कुऱ्हाड किती वेळा उचलावी लागली हे कोणी मोजले नाही.

इथे लहान-मोठ्या शरीराचा प्रश्नच नाही. चूल करणाऱ्याने भाकरी केलेली नव्हती आणि करणारीला कोणी विचारले नव्हते. मोजपट्टीताई, वर्गात हे उदाहरण द्या. भाकरी कशी फुगते हे किती मुलांना सांगता येते, ते पाहा.

नीलाक्षी

माणदेशी, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यांसमोर आजीचे स्वयंपाकघर उभे राहिले.

मी स्थापत्य अभियंता आहे. आमच्याकडे या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण सार्वजनिक स्वच्छतागृह आहे. नकाशावर स्त्री आणि पुरुष विभागांना समान क्षेत्रफळ दिले की काढणाऱ्याला न्याय झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात पुरुषांच्या बाजूला तेवढ्याच जागेत मुताऱ्यांची रांग बसते, त्यामुळे एका वेळी अधिक जणांची सोय होते. स्त्रियांना कपड्यांमुळे, पाळीमुळे आणि बरोबरच्या मुलांमुळे वेळ अधिक लागतो. समान चौरस मीटर म्हणजे समान रांग नव्हे, हे रांगेच्या गणिताने दहा मिनिटांत फळ्यावर सिद्ध करता येते, आणि मग वाद मतांचा राहत नाही. मुंबईत 2011 पासून 'राइट टू पी' ही चळवळ स्त्रियांसाठी विनामूल्य, स्वच्छ आणि सुरक्षित मुताऱ्यांची मागणी करत आली आहे. तिचा इतिहास स्थापत्यच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असला पाहिजे.

गुलमोहर

दुचाकीच्या मागच्या चाकावरची साडीची जाळीही सांगा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 123 व्या नियमानुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही इतके चाक झाकणारे संरक्षण लागते. आपल्या रस्त्यांवर कोण कसे बसते ते पाहून केलेला हा नियम आहे. चुकलेल्या गोष्टींबरोबर जमलेलीही एखादी गोष्ट मुलांपुढे असावी.

काना मात्रा

संगणक शाखेला हा विषय लागू नाही, असा समज होऊ नये म्हणून लिहितो. अ‍ॅपलने 2014 मध्ये आरोग्याच्या नोंदी ठेवणारे अ‍ॅप आणले तेव्हा त्यात पुष्कळ बारीक नोंदींची सोय होती, पण मासिक पाळीची नव्हती. ती पुढच्या वर्षी आली. चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी 2018 मध्ये तपासल्या, तेव्हा उजळ पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर 0.8 टक्के होती आणि सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती 34.7 टक्क्यांपर्यंत गेली.

पण मला सांगायचे आहे ते आपल्या भाषेतले. मी अ‍ॅपचे मराठीकरण करतो. एका बटणावर आम्ही 'मी पासवर्ड विसरलो' असे लिहिले होते. पाच जणांच्या नजरेखालून ते गेले आणि पाचही पुरुष होते. वर्षभराने एका सहकारी बाईंनी विचारले की हे बटण माझ्यासाठी नाही का? गंमत म्हणजे त्याच पडद्यावर खाली 'मी अटी वाचल्या आहेत' असे होते आणि त्यात काहीच अडचण नव्हती, कारण तिथे क्रियापद अटींप्रमाणे चालते, बोलणाऱ्याप्रमाणे नाही. 'विसरणे' मात्र कर्त्याप्रमाणे चालते. आम्ही ते 'पासवर्ड विसरलात?' असे केले आणि प्रश्न मिटला. दुरुस्तीला एक मिनिट लागले, पण चूक दिसायला एक वर्ष लागले.

अंतरंग

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून एक सावधगिरी सुचवते. नकळत पूर्वग्रह मोजणारी जी चाचणी आज सर्वत्र घेतली जाते, ती अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये प्रथम मांडली. पुढे त्या कामात सिकंदराबादमध्ये जन्मलेल्या महझरीन बानाजी यांचा मोठा वाटा आहे. अनेक महाविद्यालये वर्गात ती चाचणी घेतात आणि विद्यार्थ्यांना त्यांचे गुण दाखवतात. तसे करू नये असे माझे मत आहे. एकेका व्यक्तीविषयी निष्कर्ष काढण्याइतकी ती भरवशाची नाही. शिवाय 492 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसले की चाचणीतले गुण थोडे बदलले तरी त्यामुळे वागणे बदलते असे नाही.

म्हणून मनाची झडती घेण्यापेक्षा कामाची पद्धत बदलणे अधिक उपयोगाचे आहे. फोरमन काकांनी फळकुटे केली, काना मात्रा यांनी वाक्य बदलले. दोघांनाही आधी स्वतःचे मन शुद्ध करून घ्यावे लागले नाही.

सातवे सत्र

मी अंतिम वर्षाची विद्यार्थिनी आहे आणि इथे प्रथमच लिहिते आहे. सर्वांचे प्रतिसाद यंत्राविषयी आहेत, पण यंत्र करणाऱ्या गटाविषयी कोणी लिहिले नाही. आमच्या पाच जणांच्या गटात मी एकटी मुलगी होते. पहिल्याच दिवशी ठरले की रिपोर्ट आणि सादरीकरण मी करायचे, 'कारण तुझे अक्षर चांगले आहे.' रिपोर्ट टंकलिखित असतो. मुलांनी ते प्रेमानेच म्हटले होते आणि मीही आनंदाने हो म्हटले. तोंडी परीक्षेत वेल्डिंगचा करंट किती ठेवला असे मला विचारले गेले, तेव्हा मला सांगता आले नाही, कारण मी एकदाही वेल्डिंग केले नव्हते. मॅडम, गटातल्या कामांची अदलाबदल सक्तीची केलीत तर फार बरे होईल. मागून घेणे अवघड जाते.

मोजपट्टी

सातवे सत्र, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केले. माझ्या मूळ प्रश्नातच हे यायला हवे होते. दर तीन आठवड्यांनी कामे बदलायची आणि तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याने केलेल्या भागावर प्रश्न विचारायचा, हे या सहामाहीपासून लागू करते आहे.

तिसरी पाळी

चूल आणि पासवर्ड या दोन उदाहरणांनंतर मी माझे 'प्रश्न फक्त उंचीचा आहे' हे विधान मागे घेतो. वेळेचा मुद्दा मात्र कायम आहे. हे दोन तासांचे वेगळे सत्र झाले तर विद्यार्थी ते ऐकतील आणि सबमिशनच्या गडबडीत विसरतील. त्याऐवजी मिनी प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर तीन रकाने सक्तीचे करा. हे कोण वापरणार, त्यांच्यापैकी किती जणांना प्रत्यक्ष भेटलात आणि मापे कोठून घेतली. रकाना रिकामा असेल तर आराखड्यावर सही करू नका. सहीची ताकद व्याख्यानात नसते, हे मी कारखान्यात रोज पाहतो.

माणदेशी

तिसरी पाळी यांच्या तीन रकान्यांना माझे अनुमोदन. त्यात एवढीच भर घाला की भेट कामाच्या वेळी झालेली असावी. बाईला पाटावर बसवून विचारले तर ती 'चांगले आहे हो' असेच म्हणते, कारण पाहुण्याला नावे ठेवण्याची रीत नाही. काम करताना तिचे हात पाहावेत.

आणि तुमच्या शेंगांच्या यंत्राविषयी सांगायचे तर भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने बसून चालवायचे शेंगाफोडणी यंत्र विकसित केले आहे. शेतात काम करणाऱ्या स्त्रियांची आणि पुरुषांची शरीरमापेही या क्षेत्रातल्या संशोधकांनी देशभरातून गोळा केली आहेत. विद्यार्थ्यांना तो तक्ता आधी द्या आणि मग यंत्र काढायला सांगा.

मोजपट्टी

आज सत्राची रंगीत तालीम म्हणून एका तुकडीला फिटिंग शॉपमध्ये नेले. फोरमन काकांच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येकाने हनुवटीखाली मूठ धरून कोपर व्हाइसला लावून पाहिले आणि अंतर भिंतीवरच्या कागदावर लिहिले. नाव लिहायचे नाही, केवळ अंतर लिहायचे, असे ठरवले होते. व्हाइसची कड 107 सेंमीवर आहे. वीस जणांच्या त्या तुकडीत चार मुली होत्या, पण कोपर पाच सेंमीहून अधिक खाली राहिलेल्यांची संख्या नऊ निघाली. म्हणजे निदान पाच मुलगे त्यात होते. कागदाकडे सगळे बराच वेळ पाहत उभे राहिले. मग शेंगा फोडण्याच्या यंत्राचा जुना आराखडा मी शेजारी लावला आणि एवढेच विचारले की ही 118 सेंमीची उंची कोठून आली असेल. पहिले उत्तर मागे उभ्या असलेल्या एका मुलाने दिले, "मॅडम, त्यांच्या रूममधून."

फोरमन काका, फळकुटांची मापे कळवाल का? सुताराला उद्याच बोलावले आहे.

जुना फोरमन

मॅडम, दोन जाड्यांची करा, पाच सेंमीची आणि दहा सेंमीची. लांबी व्हाइसपुरती नको, संपूर्ण बाकापुरती ठेवा, म्हणजे कानस चालवताना मागचा पाय फळकुटावरून उतरणार नाही. वर खाचा पाडून घ्या, कारण कुलंटचे तेल सांडले की गुळगुळीत लाकूड घसरते. कडा गोल करा. आणि ती शॉप सुरू होण्याआधीच सगळ्या बाकांखाली मांडून ठेवा, मागून घ्यायला लावू नका. ज्याला नको असेल तो पायाने बाजूला सारेल.